बंडी, जीप आणि चार फुगीर चाके

जंगलात जायला वाहन कोणते घ्यावे, हा प्रश्न आमच्या भिवापूर-उमरेड पट्ट्यात नवा नाही. आजोबांच्या पिढीत तो विचारला जाई, वडिलांच्या पिढीतही विचारला जाई. उत्तरे तेवढी बदलत गेली. यंदा तो माझ्याकडे आला एका जुन्या विद्यार्थ्याकडून. त्याचे शेत अभयारण्याच्या कडेला आहे. धान, थोडी मिरची. रात्री रानडुकरे धान लोळवून जातात, रोही मिरची तुडवतात, त्यामुळे जागल चुकत नाही. मुलगा अमेरिकेत, टेक्सासला. त्याने तिकडून एटीव्हीची चित्रे पाठवली. ऑल टेरेन व्हेइकल म्हणजे एटीव्ही. चार फुगीर चाके, मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर बसावे तसे वर बसायचे. तिकडे लोकांची स्वतःची शिकारीची राने असतात, त्यात हिंडायला आणि मारलेले हरीण ओढून आणायला ती वापरतात म्हणे. "सर, जागलीवर जाता येईन, आन सुटीत नागपूरच्या पाहुण्यांना जंगलाच्या कडेकडेनं फिरवता येईन. कोणती घेऊ?"

आता मी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि सायकल चालवली. इंजिनातले मला काडीचे कळत नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, की हा प्रश्न इंजिनाचा थोडा आणि इतिहासाचाच जास्त आहे. त्या निमित्ताने जे आठवले आणि जे वाचलेले होते, ते इथे मांडतो.

साहेबाच्या काळापासून सुरुवात करू. कॅप्टन जेम्स फोरसिथ नावाचा इंग्रज अधिकारी १८६० नंतरच्या दशकात आपल्या मध्य प्रांताच्या जंगलांत, सातपुड्यात फिरला. त्याचे 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे पुस्तक १८७१ साली निघाले. त्यातले वाघाचे प्रकरण वाचले तर कळते, की त्याच्या दृष्टीने वाघाच्या शिकारीचे खरे वाहन हत्ती. हत्ती उंच, गवतातून चालणारा, नाला न अडवणारा. पण हत्ती पोसायचा म्हणजे सरकारी खजिना किंवा संस्थानच हवे. आमच्याकडच्या मालगुजाराला ते परवडणारे नव्हते. त्यामुळे हत्तीची गोष्ट इथेच सोडतो.

खरे वाहन होते बंडी. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. माणसांच्या जाण्यायेण्याची हलकी, चपळ ती रेंगी. नागपूरहून शिकारीला येणारा माणूस छोट्या गाडीने, म्हणजे नागपूर-नागभीड नॅरोगेजने भिवापूर स्टेशनवर उतरे. (ही गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ साली बंद झाली.) तिथून पुढे रेंगी. सामानाची बंडी वेगळी, तिच्यात तंबू, भांडी, तांदूळ, कंदील. जंगलातल्या मुक्कामापर्यंत दहा-बारा मैल जायला दिवस लागे. बैल तासाला दोन-अडीच मैल चालणार, वाटेत नाल्यावर पाणी पिणार, धुरकरी चिलीम ओढणार. कोणी कितीही मोठा साहेब असो, बैलाला घाई नव्हती.

शिकारीसाठी ब्लॉक मिळत. जंगलाचा एक तुकडा ठरावीक दिवसांसाठी एका माणसाच्या नावे, अमुक जनावरे मारायची, तमुक नाही, असा परवाना. त्या दिवसांतले निम्मे दिवस जर जाण्यायेण्यात, रेडकू बांधण्यात, हाक्याची माणसे जमवण्यात गेले, तर उरलेल्या दिवसांत माणूस मारून मारून मारणार किती? कागदावरच्या परवान्याइतकीच बंडीची चालही जनावरांना वाचवत होती, असे मला वाटते. हे कोणी ठरवून केलेले नव्हते.

मात्र बंडीचा एक गुण शिकाऱ्याच्या फायद्याचा होता, तो सांगायलाच हवा. जनावर बंडीला भीत नाही. चितळ, काळवीट रोज बंड्या पाहतात. लाकडे नेणाऱ्या, मोहफूल नेणाऱ्या, बाजाराला जाणाऱ्या. चाकाची कुरकुर आणि बैलाच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज त्यांच्या सवयीचा. पायी माणूस दिसला की काळवीट उधळेल, पण बंडी शेजारून गेली तरी मान वर करून पाहील आणि पुन्हा चरू लागेल. शिकारी याचा फायदा घेत. बंडीच्या आडाने चालत जायचे, बंडी थांबू द्यायची नाही, योग्य जागी हळूच मागे राहायचे. बंडी थांबली की जनावराला शंका येते.

या युक्तीचा सगळ्यात देखणा वापर कोल्हापूरला होत असे. तिथे छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी शिकारी चित्ते होते, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. आपल्याकडे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणावे लागले. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवर बसवायचे आणि काळविटांच्या कळपाजवळ न्यायचे. भारतभर संस्थानिक हेच करत, आणि त्यासाठी बैलगाडी चाले, कारण तेच. काळवीट गाडीला भीत नाही. अंतर पुरेसे कमी झाले की टोपी काढायची आणि चित्ता सोडायचा. जमिनीवरचे सगळ्यात वेगवान जनावर आणि त्याला कामावर पोचवायला सगळ्यात संथ वाहन! वर्गात हे सांगितले की मुले हसत.

त्या चित्त्याचे पुढे काय झाले, ते वाहनाच्याच गोष्टीत येते. १९४७ साली कोरिया संस्थानात (आता ते छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा आपल्या मध्य प्रांताला लागून होते) महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. तिन्ही तरुण नर. मारलेल्या चित्त्यांसह महाराजांचा फोटो आहे, तो पुष्कळांनी पाहिला असेल. ही हकीकत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे आली तेव्हा ती छापावी की फेकून द्यावी असे संपादकांना झाले, इतका त्यांना वीट आला. भारतातल्या चित्त्याची शेवटची खात्रीची नोंद म्हणून आजही हीच सांगतात. १९५२ साली चित्ता संपल्याचे सरकारने मान्य केले, आणि मग सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियाहून आठ चित्ते कुनोला आणावे लागले.

चित्ता एका मोटारीमुळे संपला असे म्हणणे चूक ठरेल. तो आधीच शेवटाला आला होता. माळराने नांगराखाली गेली, पिले पकडली गेली, काळवीट संपत आले. पण शेवटची नोंद मोटारीच्या दिव्याची आहे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. दिव्याचे कारण असे, की रात्री हिंडणाऱ्या जनावरांच्या डोळ्यांत आतल्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. अंधुक प्रकाश त्यावरून परत फिरतो आणि त्यांना अंधारात दिसते. तोच थर झगझगीत दिव्यासमोर त्यांचा वैरी होतो. डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, लांबून दिसतात, आणि जनावर दिपून जागच्या जागी उभे राहते.

तरी मोटारीला एक मर्यादा होती. तिला रस्ता लागे. संस्थानिकाच्या मोटारीसाठी संस्थानात रस्ता होई, आमच्या पांदणीत ती पहिल्या पावसात रुतून बसे. काळी चिकट माती चाकाला अशी धरते, की बैल जुंपून ओढून काढावी लागे. मोटारवाल्याला शेवटी बंडीवाल्यापुढे हात जोडावे लागत, आणि बंडीवाल्याला त्यात गंमतही वाटे.

ही मर्यादा मोडली जीपने.

जीपची जन्मकथा थोडक्यात सांगतो. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने मोटार कंपन्यांना हलक्या, चारही चाके फिरणाऱ्या टेहळणीच्या गाडीसाठी बोलावले. मुदत इतकी कमी, की बहुतेक कंपन्या पुढेच आल्या नाहीत. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने सात आठवड्यांत गाडी उभी करून दाखवली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी ती लाखांनी काढली. साठ अश्वशक्तीचे इंजिन, वजन टनाच्या आसपास, आणि गरज पडली की पुढची चाकेही ओढू लागतात. लढाई संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या जीपा बाजारात आल्या. इकडे १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. फाळणीनंतर मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले, आणि विलीजच्या जीपा मुंबईत जुळवल्या जाऊ लागल्या. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळासुद्धा लष्करासाठी घ्यायच्या जीपांचाच होता, १९४८ सालचा. असो.

जीपला रस्ता लागत नव्हता, गाडवाट पुरे. जिथे बंडी जाई तिथे जीप जाई, एक चाक चाकोरीत आणि एक बाहेर अशी तिरपी होत का होईना. आणि बंडीला दिवस लागे तिथे ती तासाभरात पोचे. म्हणजे नागपूरच्या माणसाला संध्याकाळी चहा पिऊन निघायचे, रात्री जंगलात फिरायचे आणि पहाटे परत घरी, हे शक्य झाले. मुक्काम नको, तंबू नको, हाक्याची माणसे नकोत. गावाला कळायचेही कारण नाही.

मी तिसरी-चौथीत असेन, म्हणजे १९६० च्या आसपासची गोष्ट. रात्री आमच्या घरावरून जीप गेली की आजी म्हणे, "गेले लाइटवाले." आमच्याकडे त्यांना लाइटवालेच म्हणत. काच खाली पाडलेली, मागे उभा राहून एक जण हातातला सर्चलाइट इकडून तिकडे फिरवणार, दुसरा बंदूक घेऊन. पहाटे त्यातली एक जीप चौकात चहाला थांबली होती. मी शेजारी उभा राहून आत पाहिले. ताडपत्रीखालून चार-पाच चितळांचे पाय बाहेर आलेले. एकीचे पोट मोठे होते. तिथे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या धुरकऱ्याने, ज्याने कित्येक साहेबांना रेंगीतून नेले होते, ते पाहिले आणि फक्त "माद्या बी" एवढेच म्हणून तो निघून गेला. जुन्या शिकाऱ्यांतही सगळे सज्जन नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण मादी मारणे लाजेचे मानले जाई. रात्री दिव्यात नुसते डोळे दिसतात. नर की मादी, हे पाहायला थांबतो कोण?

त्या दिवसांत नागपूर हे शिकारीच्या धंद्याचेही गाव होते. परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार करवून देणाऱ्या कंपन्या होत्या. त्यांपैकी ॲल्विन कूपर ही कंपनी विद्याचरण शुक्ल यांनी नागपुरात काढली होती. हो, तेच पुढे केंद्रात मंत्री झालेले, आणीबाणीत माहिती खाते सांभाळणारे. हा धंदा तेव्हा कायद्याने चालणारा, परवान्याचा, परकीय चलन आणणारा होता. रात्रीचे लाइटवाले वेगळे. शिवाय 'अधिक धान्य पिकवा'च्या काळात पीक राखण्यासाठी बंदुकीचे परवाने सढळ मिळाले होते, त्यांतल्या किती बंदुका धुऱ्यावर राहिल्या आणि किती जीपमध्ये बसल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक कलम मुद्दाम पाहावे. मूळ कायद्याचे सतरावे कलम. त्या वेळी काही जनावरांची शिकार परवान्याने अजून करता येत होती, आणि ती कशी करायची नाही ते या कलमात होते. चाकांच्या किंवा यंत्रावर चालणाऱ्या वाहनातून शिकार करायची नाही. मोटारीने जनावर हाकायचे किंवा उधळवायचे नाही. कृत्रिम दिव्याच्या मदतीने मारायचे नाही, अपवाद फक्त मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या हिंस्र जनावराचा, आणि तोही खास परवानगीने. कायदा लिहिणाऱ्यांनी पंचवीस वर्षांत जीपने काय केले ते नीट पाहिले होते, हे या एका कलमावरून दिसते. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच गेली, म्हणून हे कलमही गेले.

बंदूक गेली, पण जंगलात जायची हौस राहिली. ती कॅमेऱ्याने भागवायची असे ठरले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प आला, पुढे ताडोबा, पेंच यांची नावे झाली, आणि त्यासाठी वाहन सापडले ते मारुतीची जिप्सी. १९८५ च्या डिसेंबरात ती बाजारात आली. पेट्रोलची, वजनाला हलकी, डिझेल जीपच्या मानाने आवाज कमी, वरचे छप्पर काढले की सहा माणसे मोकळी बसतात. जंगलाला ही निवड मानवली असे म्हणावे लागेल. जनावरांना तिची सवय झाली, जशी त्यांच्या पणज्यांना बंडीची होती. ताडोबात वाघीण जिप्सीच्या बाजूने, तिच्याकडे ढुंकूनही न पाहता चालत जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. २०१९ च्या सुमारास कंपनीने ती सामान्य गिऱ्हाइकाला विकणे बंद केले, तरी जुन्या जिप्स्या अजून फिरताहेत. आता तर आमच्याकडे सफारीच्या कोणत्याही उघड्या गाडीला जिप्सीच म्हणतात.

२०१२ साली आमच्या शेजारीच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य झाले. नागझिऱ्याहून चालत आलेल्या 'जय' वाघाने त्याचे नाव देशभर केले. तो एप्रिल २०१६ पासून दिसला नाही. पण अभयारण्याचे नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आले ते वेगळ्याच कारणाने. ३१ डिसेंबर २०२४, वर्षाचा शेवटचा दिवस, गोठणगावकडची बाजू. एफ-२ नावाची वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर होती. पुढून जिप्स्या, मागून जिप्स्या, आणि मध्ये ती आई आणि पोरे. व्हिडिओ सगळीकडे फिरला. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड निलंबित झाले, दंड झाला. त्या गाड्यांमध्ये कुणाकडे बंदूक नव्हती. फोन होते. सतराव्या कलमातले 'मोटारीने हाकायचे नाही' हे शब्द मला तो व्हिडिओ पाहताना आठवले.

आता एटीव्ही. तिचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. होंडाने १९७० साली अमेरिकेत तीन चाकांची गाडी आणली, फुगीर, कमी हवेच्या टायरांची, वाळूत आणि बर्फात न रुतणारी. पुढे १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांची आणली. तीन चाकांची गाडी वळणावर उलटत असे, त्यात पुष्कळ माणसे, विशेषतः लहान मुले, जखमी झाली आणि दगावली. शेवटी १९८८ साली सरकार आणि कंपन्यांत न्यायालयात तडजोड होऊन तिथे तीन चाकांच्या नव्या गाड्यांची विक्री थांबली. चार चाकांची टिकली. तिचे गुण खरे आहेत, ते नाकारू नयेत. टायर रुंद आणि मऊ असल्याने वजन पसरते, म्हणून जिथे ट्रॅक्टरही रुतेल अशा चिखलात ती तरंगल्यासारखी जाते. आमच्या पांदणीत आषाढात चालेल अशी गाडी शोधायचीच असेल, तर तीच.

पण विद्यार्थ्याचा मुलगा जिथे राहतो तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे शिकारीचे रान खाजगी असते, कुंपण असते, हंगाम असतो, परवाना असतो. आणि तिथेसुद्धा पुष्कळ राज्यांत चालत्या गाडीवरून गोळी घालायला बंदी आहे. आपल्याकडे शिकारीचे रान ही वस्तूच नाही. पीक खाणारे रानडुक्कर मारायचे तरी वनखात्याची रीतसर परवानगी लागते. उरली फिरण्याची हौस. त्याच्या शेताची आणि अभयारण्याची हद्द कागदावर आहे, वाघिणीला ती दिसत नाही. गोठणगावच्या रस्त्यावरून जाणारी वाघीण रात्री त्याच्या धुऱ्यावरून जाऊ शकते, आणि जातेच. अभयारण्याच्या गेटमधून जाणारी जिप्सी ठरलेल्या वेळी जाते, ठरल्या रस्त्याने, शेजारी गाइड बसवून. एवढे सगळे असून ३१ डिसेंबर घडला. एटीव्हीला तर रस्ताच लागत नाही, हाच तिचा गुण. तिला ना गेट, ना गाइड, ना वेळ. जीपबद्दल १९५० साली लोक हेच कौतुकाने सांगत असतील.

मी त्याला सांगितले ते असे. जागलीसाठी तिचा उपयोग नाही. रानडुक्कर आवाजाला दोन दिवस भिईल, तिसऱ्या दिवशी सरावेल, बंडीला सरावले तसे. धानाच्या बांध्यांतून ती नेली तर पाळी फुटतील आणि पाणी वाहून जाईल. सडकेवर आणायची तर नोंदणीचा प्रश्न आहे, या गाड्या बहुतेक सडकेसाठी नसतातच, तेव्हा आधी आरटीओत विचार. आणि पाहुण्यांना फिरवायचे असेल तर घरची रेंगी अजून कोठ्यात पडली आहे, तिची चाके दुरुस्त कर. तो हसला. म्हणाला, "सर, रेंगीत कोन बसन आता?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. बैल पोसणे आज एटीव्हीच्या पेट्रोलइतकेच महाग पडते, आणि बैल हाकणारा माणूस मिळणे त्याहून कठीण. गावात आता रेंग्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, त्याही शंकरपटाच्या हौसेने. मुलाने पाठवलेल्या चित्रांपैकी एक त्याने फोनवर अजून जपून ठेवले आहे, हिरव्या रंगाच्या गाडीचे. अजून घेतलेली नाही.

हे लिहितो आहे तेव्हा पावसाळा लागला आहे. पर्यटकांसाठी जंगलाचे रस्ते बंद झाले, जिप्स्या अंगणात ताडपत्रीखाली गेल्या. आतल्या वाटांवर आता कोणतेही चाक चालत नाही. वनरक्षक आणि वनमजूर हातात काठी, खांद्याला पाण्याची बाटली अडकवून सकाळीच निघतात आणि पायी गस्त घालून येतात. काल त्यांतला एक पोरगा, तोही माझाच विद्यार्थी, नाल्याच्या ओल्या रेतीत वाघिणीच्या शेजारी पाचांपैकी तीनच बछड्यांची पावले दिसली असे सांगत होता. बाकीची दोन आता मोठी झाली, वेगळी फिरत असतील, असे त्याचे म्हणणे.